चढणारी तिसरी तार

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचो आणि बायकोला वाचून दाखवत हसायचो. माझा धंदाच तसा आहे. सांगलीत विश्रामबागला घराच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं वाद्यदुरुस्ती करतोय. लोक घाबरून येतात, "अहो, ही गिटार आपोआप वाजते!" आत बघावं तर लाकडी पट्टीचा डिंक सुटलेला. फेव्हिकॉल, क्लॅम्प, विषय संपला. भूतबित काही नसतं, हे मी छातीठोकपणे सांगायचो...

आमचं गाव माण तालुक्यातलं. थोरला भाऊ, दादा, साताऱ्यात स्थायिक झाला. तो हवाईयन गिटार वाजवायचा — मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी पट्टी सरकवत वाजवतात ती. तरुणपणी आम्ही दोघं एकाच ऑर्केस्ट्रात होतो. तो वाजवायचा, मी वाद्यं लावून द्यायचो. गेल्या वर्षी दादा गेला आणि वहिनींनी ती गिटार माझ्याकडे पाठवली. फोनवर म्हणाल्या, "भावजी, सईला वाजवायची हाय. सूर ऱ्हाईना तिचा. नीट करून द्या." सई म्हणजे दादाची नात, बारा वर्षांची.

गिटार साठेक वर्षांची, तारा पिळायच्या चाव्या झिजलेल्या. मी चाव्या बदलल्या, तारा टेकतात ती घोडी नवी बसवली, सहाही तारा नव्या चढवल्या. सूर लावला आणि झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तिसरी तार जी शार्प या सुरावरून वरच्या ए वर. अर्धा सूर चढलेली!

आता जे वाजवत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तार उतरते. चावी सरकते, लाकूड दबतं, तार ताणली जाते — उतरायला शंभर कारणं आहेत. थंडीत कणभर चढतेही, पण सगळ्याच चढतात आणि कणभरच. एकटी तिसरी, तीही अर्धा सूर चढायची म्हणजे कुणीतरी चावी पिळायला हवी. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला काय उद्योग नाहीत का?"

मग मी तिचं नेलपॉलिश घेऊन चावीवर आणि शेजारच्या लाकडावर एक सरळ रेघ ओढली. चावी केसभर फिरली तरी रेघ तुटणार. सकाळी रेघ जशीच्या तशी होती आणि तार अर्धा सूर वर होती. तार बदलली, रेघ नव्यानं ओढली. पुन्हा तेच. चार दिवसांत चार तारा बदलल्या. पाचव्या दिवशी मी सूर मोजायचा ट्यूनर खाली ठेवला. कारण तिसरी तार... ती मला ओळखीची होती.

पस्तीस वर्षांपूर्वी साताऱ्यात एका मंडळाचा कार्यक्रम होता. स्टेजवर चढण्याआधी दादानं विचारलं, "तिसरी तार बदललीस न्हवं?" मी विसरलो होतो. तारेला गंज धरला होता. मी घासलेटच्या बोळ्यानं ती पुसून चकचकीत केली होती आणि म्हणालो, "हो, बदलली." तिसऱ्या गाण्यात ती तुटली. दादा गिटारवर वाकलेला होता. त्याचा डावा डोळा गेला.

सगळे म्हणाले, नशीब. मीही तेच म्हणालो. दादा पुढं काळा चष्मा लावून वाजवत राहिला, मला एका शब्दानं बोलला नाही. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "काय सांगायचं हाय का रं?" मी म्हणालो, "नाही रे, तू पड निवांत."

वहिनींना फोन करून सांगितलं की गिटारीचा सूर टिकत नाही, अजून महिनाभर लागेल. त्यांनी ऐकलं नाही. पोरगी हट्टाला पेटली होती. रविवारी सकाळी दोघी एसटीनं सांगलीत हजर.

सईनं गिटार मांडीवर घेतली. मी ट्यूनर लावला, सूर बरोबर होता. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "छोटे आजोबा, तिसरी तार बदललीत ना?"

कुणीही विचारेल असा प्रश्न. मी म्हणालो, "हो, बदलली." या वेळी ते खरं होतं हो! पण ट्यूनरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत सरकायला लागला. जी शार्प... ए... आणि पुढं. चावीला कुणाचा हात नव्हता. सई वाकून तारा बघत होती. घोडीपाशी टिक् असा आवाज आला आणि मी झेप घेऊन तारेवर तळहात दाबला.

तार माझ्या हाताखाली तुटली. रक्त बघून सई किंचाळली. वहिनी पदरानं माझा हात बांधायला लागल्या आणि मला रडूच आलं. "वहिनी, त्या दिवशी मी तार बदलली नव्हती. मी दादाशी खोटं बोललो." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा हे बोललो.

त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "आवं, त्यांस्नी पयल्या झटक्यालाच कळलं हुतं. जुनी तार येगळी बोलती म्हनायचं. मी लय डाव म्हनलं, इचारा की भावजींस्नी. तर म्हनायचं, न्हाई, त्यो सांगंल. आपल्या तोंडानं सांगंल." मग माझा हात सोडून म्हणाल्या, "मला कशाला सांगताय आता?"

जाताना त्यांनी गिटार नेली नाही. सईला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती हितंच."

नवी तार लावून, नवी रेघ ओढून आठ महिने झाले. चावीवरची रेघ अजून तशीच आहे. तार का चढायची, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी जाणकार असेल तर जरूर कळवा. आता ती इतर तारांसारखी रोज थोडी उतरते. मी रोज सकाळी ट्यूनर लावून बघतो. दादानं पुन्हा एकदा विचारावं, एवढंच वाटतं... पण ती चढत नाही.