मॉरिशसचा डोंगर आणि पालकाचा रकाना

तेहतीस वर्षं मी इंदुरात भंवरकुआंजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर ज्वालामुखी काढला. तपकिरी खडूने डोंगर, लाल खडूने लाव्हा. माळव्याचं पठार लाव्हाच्या थरांनीच बनलंय, म्हणजे तुम्ही सगळे लाव्हावर बसून डबा खाताय, असं सांगितलं की मुलं बाकाखाली वाकून बघायची. मी स्वतः मात्र ज्वालामुखीतून वर आलेलं बेट कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाले की मॉरिशसला जायचं आणि तिथला एक तरी डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा, हे पक्कं होतं.

त्यासाठी सहा महिने मी राजेंद्र नगरातल्या आमच्या इमारतीचे चार मजले रोज सकाळी पाच वेळा चढले आणि उतरले. लिफ्ट चालू असताना. शेजारी विचारायचे, "क्या हुआ मॅडम, लाइट नहीं है क्या?"

इंदूरहून आमचा मोठा ग्रुप निघाला. तीन बॅगा नुसत्या शेवेच्या होत्या आणि स्वयंपाकाला महाराज सोबत. चौथ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी टूर मॅनेजरने दोन याद्या वाचल्या. एक डोंगरावर जाणाऱ्यांची, दुसरी बाजारात जाणाऱ्यांची. माझं नाव बाजारात.

"भिया, चुकलंय तुमचं. मी डोंगरवाली आहे."

"नहीं आंटीजी, तुमच्या फॉर्मवर लिहिलंय ना. ट्रेकिंग नहीं. बेटे की साइन है."

त्याने फॉर्म पुढे केला. अक्षर माझ्या मुलाचंच. सहलीला येणाऱ्या लहान पोरांसाठी त्यात 'पालक' असा एक रकाना होता. मुलाने तिथे स्वतःचं नाव घातलं होतं आणि खाली ऐटीत सही ठोकली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोर्डाच्या परीक्षेचे शेकडो फॉर्म मी तपासलेत, त्याचासुद्धा. आमच्या घरांत रीतच आहे. नवरा असेपर्यंत बाईचे कागद नवरा भरतो, तो गेला की मुलगा भरतो, आणि आपण चारचौघींत मिरवतो, "सगळं तोच बघतो हो!" मीही मिरवलं होतं. वाचल्याशिवाय सही करू नका, असं पोरांना जन्मभर बजावणाऱ्या मी हा फॉर्म न वाचताच त्याच्या हवाली केला होता. चूक माझीही होती, आणि त्यामुळे राग आणखीच आला.

"पेन द्या," मी म्हटलं. मुलाचं नाव खोडलं, शेजारी स्वतःची सही केली.

"आंटीजी, कुछ हो गया तो?"

"झालं तर मलाच होईल ना?"

उसाच्या शेतांतून वाट होती. शेतांत जागोजागी काळ्या दगडांचे ढीग रचलेले. पुढे झाडी लागली, चढ लागला, आणि बाजाराच्या यादीतली मी चांगल्या चाळिशीतल्या दोघांना मागे टाकून गेले. वाट दाखवणारी बाई तिथलीच, पन्नाशीची, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. एका वळणावर तिने मला काळा कातळ दाखवला. त्यात बारीक बारीक भोकं होती. लाव्हा थिजताना वायू निसटून गेला की अशी भोकं राहतात, हे मी किती वर्गांना सांगितलं असेल! आज त्यात करंगळी घालून पाहिली. मला रडू आलं. आलं तसं येऊ दिलं.

शेवटचा सुळका उभ्या अंगठ्यासारखा होता. हातापायांनी धरत चढायचं. कातळ ओला होता आणि माझा उजवा गुडघा थरथरत होता. बाकीचे वर गेले. मलाही जायचं होतं, फार जायचं होतं. त्या बाईने हात पुढे केला. मी कड्याला हात लावला, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"नहीं," मी म्हटलं, "मैं यहीं तक." आणि तिथेच बसले. खाली पोर्ट लुईची घरं, बंदरातली जहाजं आणि मग नुसता समुद्र दिसत होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मॅनेजरने त्याला कळवलं होतं.

"आई, टॉपपर्यंत गेलीस?"

"नाही. शेवटचा कडा सोडला. गुडघा थरथरत होता."

"देख, मैं बोला था ना! म्हणूनच तर मी लिहिलं होतं."

"तू इंदुरात सोफ्यावर बसून लिहिलंस. मी कड्याला हात लावून थांबले."

तो हळूच म्हणाला, "बाबा गेल्यापासून मला टेन्शन येतं गं. तुला काही झालं तर?"

बरं बाबा, नाही जाणार पुन्हा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले.

"तू कॉलेजात असताना गौतमपुऱ्याला दिवाळीतली हिंगोटची लढाई बघायला निघालास," मी म्हटलं. "तिथे लोक एकमेकांवर पेटते गोळे फेकतात, हे मला ठाऊक होतं. तू परत येईपर्यंत मी दारात उभी होते. पण गाडीची चावी तुझ्या हातात मीच दिली होती."