पांढऱ्याला पहिला नंबर

लक्षद्वीपला जायचं तर आधी पोलिसांचा दाखला लागतो. १९९८ साली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि मी तो आणायला भिवंडीतल्या चौकीत गेलो. हवालदारांनी अर्ज वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

“कशाला चाललास एवढ्या लांब?”

“प्रवाळ बघायला, साहेब. समुद्रातलं.”

“आपल्याकडं खाडी हाय की. तिच्यात न्हाय का काय बघण्यासारखं?”

मी अर्ज आणखी थोडा पुढे सरकवला. त्यांनीच दया येऊन शिक्का मारला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे सहल म्हणजे काय हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आई डबे भरत होती. अंबाडी गावची आत्या मुद्दाम एसटीने येऊन पिशवीभर सुकट देऊन गेली. “बेटावर मासळी मिळंल न मिळंल,” ती म्हणाली. बेटावर दुसरं काहीच मिळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. वडील एवढंच म्हणाले, “नीट बघ. बघितलं ते लिव्ह.” वडील यंत्रमागाच्या कापडाचे ताके तपासायचं काम करतात. शाळेत असताना संध्याकाळी मीही त्यांच्या शेजारी बसून ताके उलगडायचो. तेलाचा ठिपका दिसला, तपकिरी ओघळ दिसला की तो माल डागी. तो बाजूला काढायचा. स्वच्छ, एकसारखा निघाला तो पहिल्या नंबरचा. माझे डोळे त्या कामावर तयार झालेले आहेत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्याइतकाच माझ्या डोळ्यांचाही हात आहे.

आम्ही बारा विद्यार्थी होतो आणि बरोबर प्राणिशास्त्राचे पाध्ये सर. वर्गात सरांनी “पोहायला कोणाकोणाला येतं?” असं विचारलं तेव्हा मी हात वर केला होता. मला पोहायला येतं ते मामाच्या गावच्या तळ्यात, म्हशीच्या शेजारून, आणि म्हशीसारखंच मान कायम पाण्याबाहेर ठेवून. सरांनी एवढं खोलात विचारलं नाही. माझा मित्र सलीम भिवंडीतल्याच धामणकर नाक्याचा, त्याच्या चुलत्यांचे माग आहेत. त्याला अजिबात पोहता येत नाही, आणि त्याने ते पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगून टाकलं. त्याचा मला पुढे फार हेवा वाटला.

कल्याणहून गाडीने कोची, आणि कोचीहून जहाज. जहाजाच्या डेकवर सरांनी तासभर व्याख्यान दिलं. प्रवाळ म्हणजे काय, त्याची तब्येत कशी ओळखायची, कागदावर काय लिहायचं. हे सगळं मला नंतर कळलं, कारण तो तासभर मी कठड्याला धरून समुद्राला आईचा डबा परत करत होतो. सलीम माझी पाठ चोळायला आला होता, म्हणून त्याचंही व्याख्यान बुडालं.

“डॉक्टरसाहेब, मासे खूश हैं,” तो म्हणाला. “चपाती पहली बार मिली उनको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कदमत बेट दिसलं. आधी नुसती नारळांची हिरवी रेघ, मग तिच्या खाली पांढरी वाळू, आणि वाळूपासून दूरवर पसरलेलं असं पाणी, की त्याच्या रंगाला माझ्याकडे शब्द नाही. आमच्या खाडीचा रंग मला माहीत होता. समुद्र म्हणजे मोठी खाडी, असा माझा समज होता. या उथळ पाण्याला लगून म्हणतात (प्रवाळाच्या बांधाने समुद्रापासून अडवलेलं पाणी). बांधाच्या बाहेर लाटा फुटत होत्या आणि आत तळ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दहा जणांना घेऊन लगूनच्या उत्तर टोकाला गेले. दक्षिणेचा भाग मला आणि सलीमला दिला. मी पाण्यात उतरायचं, सलीमने होडीत बसून लिहायचं. होडी मुत्तुकोया इक्कांची होती (इक्का म्हणजे थोरला भाऊ). पन्नाशीचा काटक माणूस, खांद्यावर टॉवेल, आणि तरुणपणी दोन वर्षं मुंबईच्या गोदीत काम केल्यामुळे जमेल तशी हिंदी.

तोंडात स्नॉर्केल (श्वास घ्यायची वाकडी नळी), डोळ्यांवर काच, पायात रबरी पंजे, अशा वेषात मी होडीच्या काठावर बसलो.

“मुंडी अंदर,” इक्का म्हणाले.

मी छातीपर्यंत पाण्यात गेलो आणि मान वर ठेवली.

“मुंडी अंदर! नली काय को दिया फिर?”

सलीम हसून हसून होडी डुलवत होता. तीन वेळा मी खारं पाणी प्यालो. चौथ्या वेळी, बहुतेक रागानेच, तोंड खाली घातलं आणि नळीतून श्वास आला. माझाच श्वास कानात मोठ्याने वाजत होता. मग मी डोळे उघडले.

खाली पांढरं रान होतं. फांद्या फांद्यांची झुडपं, मोठमोठ्या पराती, गोल धोंडे, आणि सगळं पांढरंशुभ्र. एखाद्या फांदीला निळसर किंवा गुलाबी झाक. उन्हाने ते आतून उजळल्यासारखं दिसत होतं. मधूनमधून एखादं तपकिरी, मळकट झुडूप उभं होतं, आणि ते पाहून मला वाईट वाटलं. एवढ्या स्वच्छतेत हे कसलं?

सरांनी दिलेली मीटरभराची चौकट मी तळावर टाकत गेलो. नळी काढून ओरडायचो, सलीम कागदावर उतरवायचा. “तब्येत” असा रकाना होता: चांगली, मध्यम, वाईट.

“पहिली चौकट! सगळं पांढरं, एक डाग नाही. चांगली!”

“चांगली,” सलीम लिहीत म्हणाला.

“दुसरी! निम्मं तपकिरी. डागी माल. वाईट!”

“वाईट. एकदम बराबर.”

आमच्या दोघांपैकी एक जरी भिवंडीबाहेरचा असता, तरी त्याने निदान विचारलं असतं. आम्ही तीस चौकटी केल्या. दोन-चार सोडून सगळ्यांना पहिला नंबर.

इक्का वल्ही अडकवून हे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “कैसा है? बीमार है, ना? ऐसा सफेद मैंने जिंदगी में नहीं देखा.”

आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसाने मला जाणकार समजून प्रश्न विचारला होता. मी होडीचा काठ धरून म्हणालो, “बीमार? इक्का, फर्स्टक्लास है! साफ हो गया. सफेद मतलब साफ.”

“पक्का?”

“कॉलेज का लड़का है,” सलीमने माझी बाजू भक्कम केली. “ऐसे ही थोडी बोलेगा.”

इक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. इथे कुपा (ट्यूना मासा) गळाने धरतात, पण त्याआधी समुद्रात जिवंत चारा उधळावा लागतो. हा चारा म्हणजे चाला, बोटाएवढे मासे. ते प्रवाळाच्या फांद्यांत राहतात. त्यांना हुसकावून जाळ्यात आणायचं तर माणसं प्रवाळावर उतरतात, काठ्यांनी ढोसतात, थोडी मोडतोड होतेच. पंधरा दिवसांपूर्वी हा तुकडा पांढरा पडू लागला तेव्हा इक्कांना तो आजारी वाटला. म्हणून त्यांनी इथे जाळं टाकणं बंद केलं होतं. दुसरीकडे चारा आता संपत आला होता.

“अब कल सुबह इधर ही डालेगा,” ते म्हणाले. “सबको बोलता हूँ.”

दुपारी त्यांनी आम्हाला घरी जेवायला नेलं. भात, नारळाच्या रसातला कुपा, आणि मास (उकडून, धुरी देऊन वाळवलेला कुपा, लाकडासारखा कडक). मी संकोचाने आत्याची सुकट पुढे केली. त्यांच्या बायकोने ती हुंगली, नवऱ्याला काहीतरी म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसले. “बोलती है, इतना छोटा मछली पकड़ने को कितना छोटा आदमी लगता है?” तरीही तिने ती खोबऱ्यात वाटून खाल्ली आणि मला माशाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

संध्याकाळी पाध्ये सरांनी आमचे कागद हातात घेतले. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिलं वाचलं.

“भोईर, तू मरायला टेकलेल्यांना पहिला वर्ग दिलास आणि धडधाकटांना नापास केलंस. विद्यापीठात तुला चांगलं भविष्य आहे.”

सगळे हसले. मीही हसलो, कारण कळलं नव्हतं. मग सरांनी बाजूला बसवून समजावलं. प्रवाळ हा बारीक जीव असतो, आणि त्याच्या अंगात त्याहून बारीक शेवाळ राहतं. तेच त्याला अन्न देतं आणि तेच त्याला तपकिरी, हिरवा रंग देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळ अंगाबाहेर टाकतो. उरते ती पारदर्शक कातडी आणि आतला पांढरा सांगाडा. “अजून मेलेलं नाही ते, उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर कदाचित वाचेल. पण आता त्याला धक्का लागता कामा नये.”

मी उठून उभा राहिलो.

“काय झालं?”

“सर, उद्या सकाळी तिथे जाळं पडणार आहे. मी सांगितलं म्हणून.”

सरांनी हातातले कागद खाली ठेवले. “मग तूच जा,” ते म्हणाले. “मी येऊन सांगितलं तर ते माझं सांगणं होईल.”

सलीम न विचारता बरोबर निघाला. मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज नुकतीच झाली होती. किनाऱ्यावर इक्का आणि त्यांचे चार-पाच साथीदार जाळं पसरून बसले होते. मला पाहताच इक्कांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली. शब्द समजले नाहीत, पण कौतुक समजलं.

“इक्का, मैं गलत बोला,” मी म्हणालो. “वो साफ नहीं है. बीमार है. आप सही थे.”

इक्कांनी हातातली सुई जाळ्यात टोचून ठेवली.

“सुबह फर्स्टक्लास था.”

“मुझे मालूम नहीं था. हमारे गाँव में कपड़ा सफेद हो तो अच्छा होता है...” हे बोलतानाच मला कळलं की समुद्राच्या कडेला बसून सांगण्यासारखं हे कारण नाही.

“मरेगा?”

“मालूम नहीं.”

“बचेगा?”

“पानी ठंडा हुआ तो शायद. मालूम नहीं, इक्का.”

“सुबह तेरे को सब मालूम था,” ते म्हणाले. “और मेरी बीवी का सबसे बड़ा टुकड़ा खा के गया तू.” त्यांनी ते साथीदारांना त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि ते हसले. इक्का मात्र हसले नाहीत. “कल चारा नहीं तो सात घर का नाव बैठा रहेगा. उसका क्या?”

आम्ही परत फिरलो.

पहाटे मी किनाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. थांबवायचा मला काही अधिकार नव्हता, पण झोपून राहणंही जमेना. माणसं जाळं होडीत चढवत होती. इक्कांनी मला पाहिलं आणि हातानेच बोलावलं.

“नली लाया?”

आणली नव्हती. धावत जाऊन आणली.

होडी त्याच तुकड्यापाशी थांबली. इक्का म्हणाले, “उतर. मुंडी अंदर. पत्थर नहीं, खाली रेत जिधर है, उधर हाथ ऊपर कर. उतने में ही जाल डालेगा. आदमी पत्थर पे पाँव नहीं रखेगा.”

मी तोंड पाण्यात घातलं. या खेपेला कुणाला सांगावं लागलं नाही. पांढऱ्या फांद्यांवरून हळूहळू तरंगत मी वाळूचे रिकामे पट्टे शोधत गेलो. सापडला की हात वर. काल ज्या तपकिरी झुडपांना मी नापास केलं होतं, त्यांच्यावरून जाताना रबरी पंजा लागू नये म्हणून पाय आखडून घेत होतो. वाळूवर जाळं पडलं, माणसांनी काठ्या न ढोसता पाण्यावर हातांनी थापट्या मारल्या. काही चाला आले, बरेचसे फांद्यांतच राहिले.

इक्कांनी होडीत चाऱ्यासाठी भरून ठेवलेल्या पाण्यात हात घालून चारा चाचपला. “आधा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “कल पाँच बजे. लेट मत आना.”

उरलेले तीन दिवस पाचला मी हजर होतो. मी होडीत चढताना ते सगळ्यांना काहीतरी म्हणायचे आणि सगळे हसायचे. सलीमने एका माणसाकडून अर्थ काढून आणला: सफेदवाला डॉक्टर आला, मुलांना लपवा.

परतीच्या जहाजावर मला उलटी झाली नाही. सरांनी आमचे चुकीचे कागद फाडू दिले नाहीत. पुन्हा मोजून केलेल्या नवीन कागदांच्या पाठीमागे तेही जोडायला लावले, खाली माझी सही घेऊन. तेव्हा लाज वाटली. आता वाटतं, त्या अहवालात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. प्रवासाला निघताना आपण काय काय पाहणार याचा विचार करतो. आपल्या पाहण्यावर कुणी विश्वास ठेवील, हे मनातही नव्हतं.

पावसाळ्यात तिकडची जहाजं बंद असतात. दिवाळी झाल्यावर एक पोस्टकार्ड आलं, तिथल्या कुणा मास्तरांकडून हिंदीत लिहून घेतलेलं. इक्कांनी कळवलं होतं की पांढरं बहुतेक सगळं गेलं, त्यावर हिरवा बुरा चढला आणि हात लावला की मोडतं. पण बांधाच्या तोंडाशी, जिथून ताजं पाणी आत येतं, तिथे थोडी झुडपं पुन्हा तपकिरी झाली आहेत. तिथे आम्ही कुणी जाळं टाकत नाही.

मी कार्ड दोनदा वाचलं. आई दारात भांडी घासत होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, “काय रं, बातमी चांगली हाय का न्हाय?”

“थोडी हाय,” मी म्हणालो.