कळंबच्या अलीकडे बंद पडलेली गाडी

देवावरचा माझा विश्वास एकदा पार उडाला होता. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. राळेगावला कापसाच्या जिनिंगच्या शेठजींची जुनी मोटार मी चालवत असे. त्या हिवाळ्यात माझ्या चार वर्षांच्या लेकीला घटसर्प झाला. गळा आतून बुजत चालला होता. डॉक्टर म्हणाले, तडक यवतमाळला न्या. शेठजींनी गाडी दिली. बायको पोरीला मांडीवर घेऊन मागे बसली आणि आम्ही भर दुपारी निघालो.

कळंबच्या अलीकडे गाडीने आचके दिले आणि बंद पडली. थोडं थांबलं की चालू व्हायची, मैलभर गेली की पुन्हा बंद. टाकी निम्मी भरलेली, तरी इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नव्हतं. नळी सोडून पाहिली, कार्बोरेटर साफ केला. शेवटी ठरवलं, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटला. आणि नवा पडदा मिळणार तो यवतमाळलाच. माझ्याइतकी गाडी कोणाला कळत नाही, हा माझा तोरा त्या रस्त्यावर उतरला. मागे पोरीचा श्वास घरघरत होता. मी चाकाशी मातीत बसलो. इतक्या वर्षांच्या शनिवारच्या पूजेचा हिशेब काढून मारुतीला नाही नाही ते बोललो. मग पोर आता जाणार, हे मी मनाशी कबूल करून टाकलं.

तेवढ्यात एक सायकलवाला थांबला. कॅरिअरला तुरीच्या शेंगांचं गाठोडं होतं. आपण फौजेच्या वर्कशॉपात होतो म्हणाला. मी पंप दाखवला, तर त्याने तिकडे पाहिलंही नाही. मागे जाऊन त्याने टाकीचं झाकण फिरवलं, तशी सूं करून हवा आत शिरली. त्या झाकणाला मी दर शनिवारी मारुतीचा शेंदूर लावत असे. थरावर थर वाळून झाकणाचं बारीक भोक बुजलं होतं.

“पेट्रोल जाते तेवढी हवा आत याले पायजे, भाऊ,” तो म्हणाला. “तुमी तिचं नाकच बुजवून ठेवलं.”

त्याने बाभळीच्या काट्याने भोक मोकळं केलं. गाडी सुरू झाली. मी त्याच्या पायाशी वाकलो, तसा तो मागे सरला.

“पाया पडू नका. आमी आता कोनाच्या पाया पडत नाई, कोनाले पडूही देत नाई. पोरीले घेऊन निंगा.”

तेव्हा समजलं, तो नव्याने बौद्ध झालेल्यांपैकी होता. देवधर्म सोडून आलेला.

यवतमाळला पोरीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली. आठ दिवस आशा धरायचीही भीती वाटत होती. नवव्या दिवशी तिने पेज मागितली आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडलो.

आमच्याकडे नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात, म्हणजे पाणी घ्यायचं की नाही ते ठरतं. मीही जन्मभर तेच केलं. त्या दिवशी मी इतका मोडलो होतो की विचारायचं सुचलंच नाही. आता मारुतीपुढे उभा राहिलो की आभार मानताना कोणाचं नाव घ्यावं ते कळत नाही. हात मात्र जुळतात.