पंपाचं धुवण

भागाबाईच्या घरात पाणी एकदा वापरून फेकायचं नसतं. एरंडोलजवळच्या त्या गावात नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याच्या मनात असलं तर. त्यामुळे तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, भांड्यांचा पहिला हात, सगळं परसातल्या वेलाला जातं. सून प्रज्ञा नवी नवी असताना पिठाचे हात मोरीत धुवायला गेली, तेव्हा सासूने तिच्याकडे असं काही पाहिलं की ती अजूनही हात धुवायला परसात जाते.

परसात खताचा खड्डाही आहे. ग्रामपंचायतीची घंटागाडी दारात गाणं वाजवत उभी राहते, पण भागाबाईकडून तिला आजवर कांद्याचं सालसुद्धा मिळालेलं नाही. सालं, चहाचा चोथा, कडूनिंबाचा पाला, शेजारचं शेण, सगळं खड्ड्यात. अधूनमधून ती फावड्याने ते खालवर करते आणि आत हात घालून बघते. हाताला ऊब लागली की खत चाललंय म्हणायचं. लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे, भाजी मागायला तेच येतात.

यंदा त्या खड्ड्याच्या काठावर गंगाफळाचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल होता, आणि तो साधासुधा नव्हता. शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी भागाबाईचं माहेर. आईच्या हातचं ते बी. चपटं, राखाडी सालीचं, आत हळदीसारखं पिवळंधमक गंगाफळ. आईने दोन्ही मुलींना बी दिलं होतं. भागाबाईचं दुष्काळात गेलं. थोरल्या पुष्पाबाईने मात्र शिरपूरला आपल्या अंगणात ते दरसाल लावून जपलं. मग तिच्या मुलाने घर बांधलं, अंगणात फरशी आली, आणि वेलाला जागाच उरली नाही. तेव्हा पुष्पाबाईने होत्या नव्हत्या त्या सगळ्या बिया धाकटीच्या ओटीत टाकल्या.

"बी जुनी व्हयनी शे," ती म्हणाली. "ठेवू नको. बठ्ठी लाई टाक."

भागाबाईने सगळ्या लावल्या. उगवली एकच. पण जी उगवली तिने नाव काढलं. खताचा कस आणि धुवणाचं पाणी, आषाढात वेल भिंतीवर चढला आणि शेजारच्या लोटनच्या पत्र्यावर डोकावायला लागला.

मग लाल भुंगेरे आले. पानांची चाळण करायला लागले. पूर्वी अशा वेळी चुलीतली राख चिमटीने पानांवर टाकली की काम भागायचं. आता घरात गॅस. राख आणायची कुठून? भागाबाईने निंबाचा पाला उकळून त्याचं पाणी केलं, पण गुडघे धरलेले, वाकून वाकून पानापानावर शिंपडणार कोण? प्रज्ञा म्हणाली, "आई, लोटनभाऊंचा फवारणीचा पंप आणा की."

पंप आणला. भागाबाई काही अडाणी नाही, दुसऱ्याचं भांडं धुतल्याशिवाय ती वापरत नाही. तिने दोन तांबे पाणी पंपात घातलं, चांगलं खळखळवलं, आणि ते धुवण, हाताला सवयच ती, वेलाच्या बुडाशी ओतलं. परत दोन तांबे, परत बुडाशी. नळाला पाच दिवस बाकी होते. मग त्याच पंपाने तिने निंबाचं पाणी फवारलं.

भुंगेरे गेले. भागाबाई खूश झाली.

पुढच्या काही दिवसांत वेलाचा शेंडा वाकडा झाला. नवी पानं आली ती चिंचोळी, शिरा एकवटलेल्या, मिटलेल्या पंख्यासारखी. खोड सुजलं, चिरलं. फुलं उमलायच्या आधीच गळायला लागली. भागाबाईला वाटलं, कस कमी पडला. तिने खड्ड्यातलं काळंभोर खत पाट्या भरभरून बुडाशी घातलं, चूळ भरायचं पाणीसुद्धा राखून वेलाला दिलं. जितकं करावं तितका तो जास्तच पिळवटत गेला.

शेवटी लोटन पंप न्यायला आला. वेलासमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, पंप धोयंता ना?"

"धोयंता. दोनदाव."

"मी मक्कामा तण जाळानं औषध मारं व्हतं. सांगानं रही गयं." तो थांबला. "धोयेल पानी कोठे फेकं?"

 भागाबाईची नजर वेलाच्या बुडाशी गेली आणि लोटनला उत्तर मिळालं.

"काही करता येई का रे, भाऊ?" तिने विचारलं.

लोटनने मान हलवली. त्याच्यावर तरी चिडायचं कसं? त्याने पंप दिला, तो मागितला म्हणून. सुनेने सुचवलं, ते सासूच्या गुडघ्यांपायी. आणि पाणी ओतलं ते स्वतःच्या हाताने. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वेल उपटून खड्ड्यात टाकावा तर खत नासेल ही भीती, जाळावा तर जीव होईना. म्हणून तो तसाच भिंतीवर राहिला, रोज थोडा जास्त वाळत. भागाबाई रोज परसात जाऊन त्याच्याकडे बघत बसायची. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पोळ्याच्या सुमाराला पुष्पाबाईचा फोन आला. भागाबाईने ठरवलंच होतं, आज सांगून टाकायचं. ती फोन घेऊन परसात गेली, म्हणजे सुनेसमोर रडू यायला नको.

"अक्का, त्या येलनं..." तिने सुरुवात केली.

"मी तेच इचारनार व्हतू," पलीकडून पुष्पाबाई बोलत सुटली. आवाज थकलेला, पण खुशीत. "सपनमा माय उनी व्हती, भागा. आते मायनं काय रायनं आपलाकडे? घर गयं, वावर गयं. येक ते बी तेवढं शे. फय लागनं का?"

भागाबाईने तोंड उघडलं. समोर वेल होता, नुसत्या काड्या. फळ कुठलं?

"लागनं शे," ती म्हणाली. "येक."

पुष्पाबाई हसली. किती दिवसांनी हसली असेल कोण जाणे. "मंग दखजो हां. कवळं फय शे, बोट दाखाडू नको, कोनले दाखाडू देऊ नको. बोट दाखाडं का सडी जास. माय सांगे ना?"

"हाऊ, अक्का," भागाबाई म्हणाली. "नही दाखाडत."