आधी चूल, मग मूल

दक्षिण आफ्रिकेतल्या मडान्त्साने वस्तीत, आमच्या गल्लीत मातोलोचं अंगण म्हणजेच बालवाडी. मातोलो हे तिच्या माहेरच्या कुळाचं नाव. लग्न होऊन आलेल्या बाईला आमच्याकडे त्याच नावाने मानाची हाक मारतात. इस्पितळात फरशा पुसण्याची नोकरी संपल्यावर तिने अंगणात पत्र्याची खोली उभारली, आणि कामाला जाणाऱ्या आया सकाळी पोरं तिच्या हवाली करू लागल्या. शहरातली एक संस्था तिथे परदेशी स्वयंसेवक पाठवायची. तीन आठवड्यांनी एक घाणा उतरला की दुसरा यायचा. त्यांच्याबरोबर मक्याची आणि घेवड्याची पोती येत, आणि त्यावर दुपारचं पातेलं चढे.

पाहुणे मनाचे चांगले होते, नाही कोण म्हणतं? आले की भिंत रंगवायचे. एकांनी पिवळी केलेली भिंत दुसरे निळी करत आणि तिसरे पुन्हा पिवळी. भिंतीचं काय, ती सोसते. पण एकेकाच्या कडेवर दोन-दोन पोरं असायची, दिवसभर गाणी, फोटो, आणि शेवटच्या शुक्रवारी निरोपाचा केक. निघताना प्रत्येक जण डोळे पुसत सांगायचा, मी लवकरच परत येईन.

चार वर्षांच्या ओयामाने ते खरं धरलं. तिची आई केपटाऊनला कामाला, आणि पोर आजीपाशी. एका लाल केसांच्या पाहुणीच्या हातूनच ती जेवायची. ती पाहुणी गेली आणि ओयामा फाटकाशी जाऊन बसली. कोणाच्या हातचा घास घेईना. आजीने मिनतवाऱ्या केल्या, धाक घातला, पण पोर वाळतच चाललं. मातोलोला आधी दया आली आणि मग स्वतःचाच संताप आला. आपले हात मोकळे राहावेत म्हणून आपणच पोरं परक्यांच्या कडेवर दिली, हे तिला लख्ख दिसलं.

संतापातूनच तिला उपाय सुचला, आणि तो घरचाच होता. नव्या सुनेला आम्ही माकोटी म्हणतो. माकोटी येते ती कपाळावर ओढलेला रुमाल आणि खांद्यावर शाल घेऊन. ती खुर्चीवर बसत नाही, चटईवर बसते. सगळ्यांच्या आधी उठते, चहा करते, अंगण झाडते. घर तिला जोखतं, ती घराला जोखते, आणि मग कुठे ती घरची होते. मातोलोने संस्थेच्या ब्रेंडनला बोलावून सांगितलं की यापुढे पाहुणे माकोटी म्हणून येतील. आधी चूल, मग मूल. पोर आपणहून जवळ येईपर्यंत कोणी त्याला उचलायचं नाही.

ब्रेंडनने कपाळाला हात लावला. "मुलांसाठी हे लोक समुद्र ओलांडून येतात, मातोलो. आणि तुम्ही त्यांना भांडी घासायला बसवणार?"

"मी पण डोंगर ओलांडून आले होते, नवऱ्यासाठी. पहिला महिनाभर सासूचंच तोंड बघितलं."

पाहुणे बंद झाले तर पोतीही बंद होतील, असं तो गंभीरपणे म्हणाला.

"मग पातेलं पातळ होईल. पातळ चालेल मला. उपाशी पोर नाही चालायचं."

पुढच्या खेपेला पाच जण आले. चौघांनी दोन दिवसांत दुसरीकडे बदली मागून घेतली, आणि त्या आठवड्यात पोतं एकच आलं. मातोलोने भोपळा घालून पातेलं वाढवलं. मागे राहिली ती डेन्मार्कची सिग्ने, ताडमाड उंच. डोक्यावरचा रुमाल काही तिच्या कपाळावर टिकेना. शेजारची मामिया कुंपणावर रेलून विचारू लागली, "काय गं, तुझ्या लेकाला तर बायको आहे. ही कोणाची सून?"

"पातेल्याची," मातोलो म्हणाली. "त्याचंच लग्न व्हायचं राहिलं होतं."

सुनेने पहिल्याच दिवशी मका तळाला लावला आणि अर्धी दुपार पातेलं खरवडत बसली. परदेशी बाई काजळी खरवडते आहे हा तमाशा पोरांनी कधी पाहिला नव्हता. सगळी गोल करून उभी राहिली, खिदळू लागली. ओयामाही फाटक सोडून आली आणि चार हातांवर थांबली. सिग्नेचे हात तिला घ्यायला पुढे होणार, तोच मातोलो खाकरली. हात मुकाट पातेल्याकडे परतले. आपल्याला न उचलणारा पाहुणा ओयामा पहिल्यांदाच बघत होती. दुसऱ्या दिवशी ती थोडी अलीकडे बसली, तिसऱ्या दिवशी आणखी अलीकडे. मग एका दुपारी चटईच्या कडेला बसून तिने आपल्या हाताने ताटातलं सगळं संपवलं. मातोलो लाकडं सारण्याच्या निमित्ताने चुलीकडे वळली. तिला इतका आनंद झाला होता की तोंड दाखवायची सोय नव्हती.

पण खरी परीक्षा निरोपाची. ब्रेंडनने पाठवलेला केक मातोलोने थेट मामियाच्या घरी धाडला आणि सिग्नेला बजावलं, प्रत्येक पोराला आज तूच सांगायचं.

"परत येईन असं सांगू?"

"येणार आहेस?"

"माहीत नाही."

"मग तेच सांग."

सिग्ने आमच्या खोसा भाषेत मोडकंतोडकं बोलत एकेकाला सांगत ओयामापाशी पोचली, तेव्हा ती जेवत होती. मातोलोला वाटलं, पोर आता उठून फाटकाशी गेलं, तर आपण पोतीही घालवली आणि पोरही. सिग्ने चटईवर बसली. "मी उद्या जाणार. परत येईन की नाही, माहीत नाही. मातोलो इथेच आहे."

ओयामाचा हात ताटातच थांबला. तिने सिग्नेकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं.

"मग पातेलं कोण घासणार?" तिने विचारलं.

"मी," मातोलो म्हणाली.

ओयामाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू म्हातारी आहेस. तू घास, मी धरते." आणि घेवडा अजून हवा म्हणून तिने ताट मातोलोपुढे केलं.