दोन छोटे देश आणि भूमितीचा पेपर

मागच्या जुलैत मी वलवणच्या घरी बसून दोन छोट्या देशांची तुलना करत होते. एक डोंगरातला, एक बेटांचा. पुढच्या काही दशकांत तिथल्या किती माणसांची माध्यमिक शाळा पूर्ण झालेली असेल, याचे अंदाज कोणीतरी आधीच काढले होते. मला ते शेजारी शेजारी ठेवून एका संस्थेसाठी लिहायचं होतं. या अंदाजांचा एक नियम असतो. ठरावीक वयापर्यंत ज्याची शाळा पूर्ण झाली नाही त्याला ‘अपूर्ण’च्या रकान्यात टाकतात आणि मरेपर्यंत तिथून हलवत नाहीत.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला माझी भाची बसायची. दहावीला गणितात नापास झालेली. फेरपरीक्षेत बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर द्यायचे होते. घरी अभ्यास होत नाही म्हणून मी तिला भावाच्या घरून, वडिवळ्याहून उचलून आणलं होतं. पोरगी हुशार नव्हती, आणि हे मी तिला सांगितलंही होतं. पण पास होण्यापुरतं गणित घोकून जमतं. आमच्या घरात धम्म घेतल्यापासून शिक्षणावर भाषणं चालतात. मी भांडून शिकले, भाऊ बारावीनंतर भातशेतीत परतला आणि भाचीपर्यंत येता येता सगळ्यांचा दम संपला.

बीजगणिताच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. वहिनी बांधावरून घसरली, मनगट प्लॅस्टरमध्ये.

“ताई, उद्या पोरीला धाड. शेजारच्या मावशीकडं लावणी हाय.”

आमच्याकडे लावणी इर्जिकीवर चालते. आपल्या खाचरात ज्या ज्या घरचं माणूस राबलं, त्या त्या घरी आपलं माणूस राबायला जातं. मावशीची सून आमच्याकडे दिवसभर राबून गेली होती.

“तू जा,” मी म्हटलं.

“आपलीच चिखलणी अर्धी हाय.”

“मग मजूर लाव. मी पैसे देते.”

भाऊ हसला. “इर्जिकीला पैशाचं माणूस? मावशी दारात उभं करणार न्हाई.”

“मग मी येते.”

“तू?” तो म्हणाला. “ये. माणूस दिसल्याशी मतलब.”

भाची कामशेतला पेपरला गेली आणि मी वडिवळ्यात चिखलात उतरले. रोपं लावताना बायकांनी दिवसभर माझी चेष्टा केली. “आवण खोल दाब गं, हे काय कुंडीतलं झाड न्हाई!” कंबर मोडली, पण माझी रांग सरळ होती.

संध्याकाळी भाची पेपर देऊन आली. बरा गेला म्हणाली. तिला वलवणला न्यायला मी निघाले, तेवढ्यात मावशी दारात आल्या.

“चाललीस व्हय? लय काम केलंस. पर परवा वरचं खाचर हाय, पोरीला धाडा.”

“मी आले ना आज?”

“तू पाव्हणी. तुझा हात सासरचा. ह्या घरचा हात कुटं आला?”

“मावशी, मला सासर नाही. नवरा सोडून जमाना झाला.”

“सोडलं तरी दिलेलीच ना गं.” त्या चिडून बोलत नव्हत्या. उलट मला समजावत होत्या.

परवा भूमिती होती. मी भावाकडे पाहिलं; त्याची चिखलणी अजून उरलेलीच होती. त्याला हे आधीच ठाऊक असावं, किंवा तोही फसला असेल. मी विचारलं नाही. मी भाचीला म्हटलं, “पिशवी उचल.” तिने आईच्या प्लॅस्टरकडे पाहिलं.

“आत्या, हात न्हाई फेडला तर पुढल्या साली आमच्याकडं कोन येईल?”

“आणि पेपर?”

“परत देता येतो.”

“तू परत देणार नाहीस.”

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. तिने पिशवी उचलली नाही. मी एकटी परत गेले. भूमितीच्या दिवशी ती वरच्या खाचरात होती आणि मी अहवाल पाठवला. बीजगणित चांगलं गेलं असलं तरी एका पेपरावर गणित निघत नाही.

रविवारी वडिवळ्याला गेले. माझी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती शाळेत कधी गेलेली नाही. भाची शेजारी बसून नखांतला चिखल काढत होती.

“लिवलंस का ते तुझं, देशांचं?” आईने विचारलं.

“लिहिलं. दोन्ही देश सुधारतात. बेटांचा जरा लवकर.”

“का? तितं मास्तर चांगले?”

“मास्तरांचा हात थोडा. न शिकलेली म्हातारी माणसं तिथे आधी संपतात. ती गेली की उरलेल्यांत शिकलेले जास्त दिसतात.”

आईचा हात सुपात थांबला. “मंजी आमी मेलो की देश शिकला?”

“हो.”

“बरं हाय की. फुकटात.” तिने एक खडा वेचून अंगणात फेकला. “अन् ही कुटं मोडती?”

भाचीने मान वर केली. खोटं बोलता आलं असतं.

“तुझ्याच रकान्यात,” मी म्हटलं.

आई सूप उचलून ओट्याच्या कडेला सरली आणि तिने नातीला मधली जागा थोपटून दाखवली.

“ये गं,” ती म्हणाली. “सरकते मी.”