पाटावरून उठताना

बाळांनो, आपले रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर काही वर्षांनी पूजा आटोपून पाटावरून उठायला मला तुमच्या आजोबांचा हात लागू लागला. खाली बसून पूजा करणे सुटेल, अशी धास्ती वाटे. तेव्हा म्हातारपणी स्नायू का झिजतात यावर संशोधन करणारी एक डॉक्टर मुलगी माहिती गोळा करत घरी आली. माझे खाणे विचारताच मी ऐटीत सोमवार, गुरुवार, एकादशी आणि साबुदाणा सांगितला.

“आजी, साबुदाण्यात प्रथिने कुठली? उपास देवाचा, अन् पायांना काहून उपाशी ठेवून राहिल्या?” ती हसून म्हणाली.

मी तिच्या अभ्यासात सामील झाले. उपासाला दूध-दही, इतर दिवशी घट्ट वरण आणि रोज हात न टेकता खुर्चीवरून उठबस. उन्हाळा सरता सरता मी एकटी उठले. आजोबा सवयीने अजूनही हात पुढे करतात. मी त्यावर प्रसाद ठेवते.